वाढलेल्या आयुष्याचा हिशेब: पैसे कुणाच्या खिशातले, जीव कुणाचा?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "दरडोई उत्पन्न बघितलं तर गरीब देश श्रीमंतांच्या मागेच राहिले. पण तिथली माणसं आता पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त जगतात. या जास्तीच्या वर्षांची पैशात किंमत काढता येते का? आणि काढली, तर अमेरिकेतल्या माणसाचा जीव महाग आणि आपला स्वस्त, असंच का निघतं?"

मी विमा कंपनीत आयुर्मानाचे तक्ते करण्यापासून सुरुवात केली. गेली वीसेक वर्षं आरोग्य कार्यक्रमांच्या खर्च-लाभाचे हिशेब करते आहे. प्रश्नाचे दोन्ही भाग मला इतक्या वेळा विचारले गेले आहेत की आज सविस्तरच लिहिते.

पहिल्या भागाचं उत्तर: हो, काढता येते, आणि काढली नाही तर गेल्या शतकातली गरिबांची सर्वांत मोठी कमाई हिशेबाच्या वहीत येतच नाही. स्वातंत्र्याच्या वेळी भारताचं सरासरी आयुर्मान 32 वर्षांच्या आसपास होतं. 2016-20 च्या नमुना नोंदणी पाहणीत ते 70 भरलं. ही 38 वर्षं राष्ट्रीय उत्पन्नात कुठे दिसतात? कुठेच नाही. उलट, तान्हं मूल वाचलं की लोकसंख्येत एकाची भर पडते आणि दरडोई उत्पन्न किंचित खाली येतं. गोठ्यात वासरू जन्मलं की दरडोई उत्पन्न वाढतं आणि घरात मूल जन्मलं की घटतं, हे अर्थशास्त्रातलं जुनं उदाहरण आहे. त्याचं मला कधी हसू आलं नाही. कारण याच मोजपट्टीने आपण देशांच्या रांगा लावतो आणि कुठला देश पुढे गेला ते ठरवतो.

डॅन अशर या अर्थशास्त्रज्ञाने 1973 मध्ये यावर तोड सुचवली. कल्पना साधी आहे. आजच्या माणसाला विचारायचं: तुझं आजचं उत्पन्न तुझ्याकडेच ठेव, पण आयुर्मान मात्र 1960 सालचं घे. हा सौदा पत्करायला तुला वरून किती पैसे द्यावे लागतील? जी रक्कम येईल ती आयुर्मानातल्या वाढीची किंमत. ती उत्पन्नात मिळवली की 'पूर्ण उत्पन्न' मिळतं. गॅरी बेकर, टॉमस फिलिपसन आणि रॉड्रिगो सोआरेस यांनी 2005 मध्ये हाच हिशेब 96 देशांसाठी 1960 ते 2000 या काळाचा मांडला. 1960 मध्ये उत्पन्नाने खालच्या अर्ध्यात असलेल्या देशांचं पूर्ण उत्पन्न वर्षाला 4.1 टक्क्यांनी वाढलं होतं, आणि त्यातले 1.7 टक्के निव्वळ आरोग्याचे होते. वरच्या अर्ध्यातल्या देशांची वाढ 2.6 टक्के, त्यात आरोग्याचा वाटा फक्त 0.4. आता आरोग्य बाजूला काढून बघा: 2.4 आणि 2.2 उरतात, म्हणजे जवळपास सारखेच. गरीब देशांनी त्या चाळीस वर्षांत जे अंतर कापलं, त्यातलं बहुतेक आयुष्याच्या वर्षांनी कापलं, पैशाने नव्हे.

हे झालं कसं, याचं उत्तर त्याआधीच सॅम्युअल प्रेस्टन यांनी दिलं होतं. त्यांनी 1975 मध्ये दाखवलं की 1930 च्या दशकापासून 1960 च्या दशकापर्यंत जगाचं आयुर्मान जे वाढलं, त्यातला 75 ते 90 टक्के भाग उत्पन्नवाढीने समजावता येत नाही. लस, डासांवरची फवारणी, क्लोरीन टाकलेलं पाणी, हात धुण्याची सवय, दाईकडचं निर्जंतुक पातं. ज्ञान एका देशात तयार झालं आणि दुसऱ्या देशात स्वस्तात पोचलं. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव छावणीत कॉलऱ्याची साथ होती आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा पाण्यात कालवून पिंपातून प्यायला द्यायला सुरुवात केली. तिथलं मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांवरून 3.6 टक्क्यांवर आलं. त्या पुडीने राष्ट्रीय उत्पन्नात किती भर घातली असेल? पुडीच्या किमतीइतकी, बस.

श्रीमंतांनाही हा लाभ झाला, हे लक्षात असू द्या. विल्यम नॉर्डहाउस यांच्या हिशेबाप्रमाणे विसाव्या शतकात अमेरिकेत वाढलेल्या आयुष्याची किंमत ही बाकी सगळ्या वस्तू-सेवांच्या वाढीच्या तोडीस तोड होती. फरक वयाचा आहे. गरीब देशांनी मिळवलेली वर्षं मुख्यतः पाळण्यातली आणि बाळंतपणातली. श्रीमंतांनी अलीकडे मिळवलेली वर्षं साठीनंतरची, हृदयविकार आणि रक्तदाबावरच्या उपचारांची, आणि ती महाग पडतात.

एक सावधगिरी मात्र घ्या, कारण इथे जाणकारही घसरतात. 1.7 आणि 0.4 हे टक्के ज्याच्या-त्याच्या उत्पन्नावरचे आहेत. डॉलरची बेरीज केली तर श्रीमंत देशाच्या एका वाढीव वर्षाची रक्कम नेहमीच मोठी दिसेल. म्हणून दरी कमी झाली हे वाक्य प्रमाणाबद्दल खरं आहे, रकमेबद्दल नाही. आता ती रक्कम येते कुठून, ते पाहू. प्रश्नाचा दुसरा भाग इथेच सुटतो.

समजा 10,000 कामगार एका धोक्याच्या कामावर आहेत आणि त्या कामात वर्षाला 10,000 मागे एक मृत्यू जास्त होतो. त्यापोटी प्रत्येकाला सुरक्षित कामापेक्षा वर्षाला 1,500 रुपये जास्त मिळतात. सगळ्यांचे मिळून झाले दीड कोटी, एका मृत्यूमागे. याला सांख्यिकीय जीवनमूल्य म्हणतात. कुणा एकाने आपला जीव दीड कोटीला विकायला काढलेला नाही. छोटी जोखीम आणि छोटी रक्कम यांच्यात लोक स्वतः जी अदलाबदल करतात, ती फक्त गुणून मोठी केली आहे. एस. माधेश्वरन यांनी चेन्नई आणि मुंबईच्या सुमारे अकराशे कामगारांच्या पगारावरून हे मूल्य काढलं, 2007 मध्ये छापून आलं, ते सुमारे दीड कोटीच होतं. त्याच सुमारास दिल्लीच्या रस्त्यांवरून रोज जाणाऱ्या-येणाऱ्यांना प्रश्न विचारून केलेल्या अभ्यासात मूल्य आलं सुमारे 13 लाख. एकच देश, जवळपास एकच काळ, आणि दहा पटींहून जास्त फरक! दशांश चिन्हापर्यंत जाणारे आकडे कुणी टेबलावर ठेवले की मला आधी हे दोन अभ्यास आठवतात.

यात न्यायालयाची भरपाई मिसळू नका. मोटार अपघाताच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाच्या 2009 च्या सरला वर्मा निकालातला गुणक चालतो. अठ्ठावीस वर्षांचा, स्वतःचा धंदा असलेला, महिना 15,000 मिळवणारा विवाहित माणूस गेला. वर्षाचे 1 लाख 80 हजार, भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के धरून 2 लाख 52 हजार. दोन-तीन अवलंबित असतील तर त्यातून एक तृतीयांश वजा, उरले 1 लाख 68 हजार. त्या वयाचा गुणक 17. एकूण 28 लाख 56 हजार. वजा केलेला तो तिसरा हिस्सा कशाचा? तो माणूस स्वतःवर जे खर्च करणार होता, त्याचा. न्यायालय मागे राहिलेल्यांचं नुकसान मोजतं, आणि ते योग्यच आहे, कारण भरपाई त्यांनाच द्यायची असते. पण गेलेल्याला स्वतःच्या जगण्याचं जे मोल होतं ते या बेरजेत नाही. आयुर्मानाची किंमत काढताना आपल्याला नेमकं तेच हवं असतं. कमाईवरून जीव मोजण्याची पद्धत म्हातारी माणसं, अपंग आणि घर सांभाळणाऱ्या बायका यांना जवळपास शून्यावर आणून ठेवते. गृहिणींच्या कामाचं मोल धरायचंच, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाला 2001 मध्ये लता वाधवा प्रकरणात आणि पुन्हा 2021 मध्ये कीर्ती प्रकरणात सांगावं लागलं.

आता देशादेशांतली तुलना. अमेरिकेच्या वाहतूक खात्याने 2023 साठी धरलेलं मूल्य होतं 1 कोटी 32 लाख डॉलर, त्या वेळच्या दराने जवळपास 110 कोटी रुपये. बहुतेक गरीब देशांत पगार आणि जोखमीचे धड अभ्यासच नाहीत. म्हणून अमेरिकेचा आकडा उत्पन्नाच्या प्रमाणात खाली उतरवतात. 2019 मध्ये लिसा रॉबिन्सन, जेम्स हॅमिट आणि सहकाऱ्यांनी यासाठी मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्यांचा सल्ला असा की एकाच आकड्यावर विसंबू नका: दरडोई उत्पन्नाच्या 160 पट (अमेरिकेत जितकी पट आहे तितकीच), 100 पट, आणि उत्पन्न घटतं त्यापेक्षा वेगाने मूल्य घटतं असं धरून तिसरा, असे तिन्ही काढा. हा तिसरा प्रकार किती फरक पाडतो? अमेरिकेच्या विसाव्या हिश्श्याइतकं उत्पन्न असलेला देश घ्या. सरळ प्रमाणात उतरवलं तर तिथलं मूल्य अमेरिकेच्या विसाव्या भागाइतकं, म्हणजे तिथल्या उत्पन्नाच्या 160 पटच राहतं. दीडच्या घाताने, म्हणजे उत्पन्न एक टक्का घटलं की मूल्य सुमारे दीड टक्का घटतं असं धरून, उतरवलं तर नव्वदाव्या भागापर्यंत घसरतं आणि उत्पन्नाची फक्त 36 पट उरते. एका गृहीतकाने चौपटीहून मोठा फरक! अहवालात हे गृहीतक बहुधा परिशिष्टात कुठेतरी असतं. मी ते पहिल्या पानावर लिहायला लावते.

पण आकडा खाली उतरतोच का? कारण तो माणसाची लायकी मोजत नाही, त्याच्या खिशात काय आहे ते मोजतो. काही वर्षांपूर्वी जव्हार तालुक्यात एका पाहणीत आम्ही घरोघरी विचारत होतो: बाळाला न्यूमोनियाने मरण्याचा धोका निम्मा करणारी सोय मिळाली तर तुम्ही महिन्याला किती द्याल? एका बाईने बराच विचार करून वीस रुपये सांगितले. मग तिने मला विचारलं, "ताई, मी वीस सांगितले म्हणून माझ्या बाळाला औषध कमी देणार का?" त्या संध्याकाळी मी माझ्या वहीत प्रश्नावलीखाली तिचं वाक्य लिहून ठेवलं. ज्या पद्धतीने मी पोट भरते, तिची मर्यादा इतक्या नेमक्या शब्दांत मला कुणी सांगितली नव्हती.

तिच्या प्रश्नावरून मी स्वतःसाठी एक कसोटी बांधली. पैसे ज्याच्या खिशातून जातात आणि जीव ज्याचा वाचतो, तो माणूस एकच आहे का? एकच असेल, तर कमी आकडा गरिबाच्या बाजूने उभा राहतो. मलावीने स्वतःच्या अंदाजपत्रकात रस्त्याच्या कठड्यांवर अमेरिकेच्या आकड्याप्रमाणे खर्च केला, तर लसीकरण, शाळेतला डबा आणि गावची विहीर यांचे पैसे त्यात जातील. आपली गरज आणि आपली ऐपत यांची सांगड घालण्याचा हक्क तिथल्या लोकांचा आहे. पण पैसे एकाचे वाचत असतील आणि जीव दुसऱ्याचा जात असेल, तर तोच कमी आकडा अन्याय होतो.

याची उदाहरणं नोंदलेली आहेत. 1991 च्या डिसेंबरमध्ये जागतिक बँकेतून तिचे तेव्हाचे मुख्य अर्थतज्ज्ञ लॉरेन्स समर्स यांच्या सहीचं एक अंतर्गत टिपण फिरलं. सर्वांत कमी पगाराच्या देशात विषारी कचरा टाकण्यामागचं आर्थिक तर्कशास्त्र बिनतोड आहे, असं त्यात होतं. ते टिपण बाहेर फुटलं आणि जगभर संताप झाला. समर्स यांनी नंतर ते उपरोधाने लिहिलं होतं असं सांगितलं. उपरोध असो वा नसो, हिशेबाची चूक तीच: पैसे वाचणार होते कचरा करणाऱ्याचे आणि आयुष्य घटणार होतं दुसऱ्याचं. दुसरा प्रसंग 1995 चा. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या दुसऱ्या अहवालासाठी हवामानाने होणाऱ्या हानीचा हिशेब चालला होता, आणि त्यात श्रीमंत देशातल्या एका मृत्यूची किंमत गरीब देशातल्या मृत्यूच्या दहा-पंधरा पट धरली होती. धूर सोडणारे एकीकडे आणि पुरात मरणारे दुसरीकडे, अशा जागी. भारताचे तेव्हाचे पर्यावरण मंत्री कमलनाथ यांनी इतर देशांना पत्र लिहून हा हिशेब साफ नाकारला. माझ्या मते त्यांचं बरोबर होतं. अशा जागी सगळ्यांसाठी एकच किंमत धरा, किंवा किंमत न धरता मृत्यूच मोजा.

आता बोट्स्वानाकडे वळते, कारण हा सगळा विषय मला त्या देशाने शिकवला. 1966 मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा तो जगातल्या अत्यंत गरीब देशांत होता. मग हिरे सापडले, सरकार नीट चाललं, आणि दरडोई उत्पन्न दशकानुदशकं वाढत गेलं. जागतिक संस्थांच्या अहवालांत त्याचं कौतुक व्हायचं. त्याच काळात एचआयव्ही पसरला. प्रौढांमधलं संसर्गाचं प्रमाण 25 टक्क्यांच्या वर गेलं आणि आयुर्मान साठीवरून 2000 च्या सुमारास पन्नाशीला आलं. उत्पन्नाची रेषा वर, आयुष्याची रेषा खाली. पूर्ण उत्पन्नाच्या हिशेबाने पाहिलं तर हिऱ्यांनी दिलेलं बरंचसं रोगाने परत नेलं होतं. आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या अनेक देशांची गोष्ट हीच.

औषधं अस्तित्वात होती, पण तीन औषधांच्या एकत्र उपचाराला वर्षाला 10,000 ते 15,000 डॉलर पडत. बोट्स्वानाने हिऱ्यांचा पैसा, मर्क कंपनी आणि गेट्स फाउंडेशन यांच्या मदतीने 2002 मध्ये 'मासा' नावाने मोफत उपचार सुरू केले. सेत्स्वाना भाषेत मासा म्हणजे पहाट. ज्यांच्याकडे हिरे नव्हते त्या देशांसाठी वाट उघडली ती मुंबईतून. 2001 च्या फेब्रुवारीत सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी हाच उपचार डॉक्टरांच्या स्वयंसेवी संघटनेला वर्षाला 350 डॉलरला, दिवसाला एका डॉलरहूनही कमीत, द्यायची तयारी दाखवली. आपल्या 1970 च्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूवर पेटंट नव्हतं, फक्त बनवण्याच्या प्रक्रियेवर होतं. म्हणून हे शक्य झालं. 2005 मध्ये कायदा बदलला.

ही किंमत आमच्या हिशेबात घालून बघा. समर्स आणि डीन जेमिसन यांच्या अध्यक्षतेखालच्या, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2013 मध्ये गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत आयुष्याच्या एका वर्षाचं मूल्य सरासरीने दरडोई उत्पन्नाच्या 2.3 पट धरलं. (हो, तेच समर्स. वीस वर्षांनी याच माणसाने गरिबांच्या आयुष्याची वर्षं मोजून आरोग्यावरच्या खर्चाची बाजू मांडली, आणि 2000 ते 2011 मध्ये या देशांच्या पूर्ण उत्पन्नाच्या वाढीतला सुमारे 24 टक्के वाटा वाढलेल्या आयुष्याचा होता, हे दाखवून दिलं.) दरडोई 500 डॉलर उत्पन्नाच्या देशात एका वर्षाचं मूल्य झालं 1,150 डॉलर. 10,000 डॉलरचं औषध या तराजूत नापास, 350 चं तिपटीने पास. माणूस तोच, आयुष्य तेच, औषधाचे रेणू तेच. आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या वहीत काय दिसतं? महाग औषध विकलं तर 10,000 ची भर, स्वस्त विकलं तर 350 ची. म्हणून "या देशाला हे परवडत नाही" असं वाक्य कुणी लिहिलं की मी विचारते, कुठल्या किमतीला?

एक गोष्ट मी कधीच म्हणत नाही: लोक जास्त जगले की देश आपोआप श्रीमंत होतो. डॅरन असेमोग्लू आणि सायमन जॉन्सन यांनी 2007 मध्ये उलट दाखवलं, की दुसऱ्या महायुद्धानंतर रोग हटल्याने आयुर्मान वाढलं तरी दरडोई उत्पन्न वाढलं असं दिसत नाही. डेव्हिड ब्लूम, डेव्हिड कॅनिंग आणि इतरांनी त्यावर जोरदार हरकत घेतली, वाद अजून मिटलेला नाही. माझ्या कामाला त्याने फरक पडत नाही. बाळ जगलं याची किंमत ते मोठेपणी कारखान्यात किती कमावेल यावर टांगून ठेवली, की आपण पुन्हा वासराच्या हिशेबाकडे जातो.

मग रोजच्या कामात हे आकडे कुठे लागतात? बाळं वाचवण्याच्या बहुतेक कामांत फारसे लागतच नाहीत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. 1999 च्या लॅन्सेटमध्ये निष्कर्ष आले: तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला, एका बाळामागे खर्च 5.3 डॉलर, आणि दर 18 बाळांमागे एक मृत्यू टळला. म्हणजे एका जिवामागे सुमारे 95 डॉलर, तेव्हाचे चारेक हजार रुपये. तुम्ही जिवाची किंमत 13 लाख धरा की दीड कोटी, निर्णय बदलत नाही. तरीही ही पद्धत आशा ताईंमार्फत देशभर न्यायचा निर्णय व्हायला 2011 उजाडलं. तो उशीर आकड्यांच्या अभावी झालेला नाही.

आकडे खरे लागतात ते धुराच्या बाबतीत. कोळशाच्या वीज प्रकल्पांच्या धुरातला गंधक रोखण्याचा नियम केंद्राने 2015 च्या डिसेंबरमध्ये केला. दोन वर्षांची मुदत होती, ती पुन्हा पुन्हा वाढली, आणि 2025 च्या जुलैमध्ये बहुतेक प्रकल्पांना गंधकाच्या यंत्रणेतून सूटच मिळाली. यंत्रणेचा खर्च मोठा, टळणारे मृत्यू विखुरलेले. इथे 13 लाख धरले तर खर्च जड वाटू शकतो आणि दीड कोटी धरले तर लाभ. शिवाय माझी कसोटी इथे उघडच लागू पडते: चंद्रपूरसारख्या ठिकाणी कोळसा जळतो, ती वीज मुंबई-पुण्याकडेही जाते, आणि धूर तिथल्याच वस्त्यांवर बसतो. अशा कामात मी आकडा एकटा देत नाही. लाभ-खर्चाच्या तक्त्याशेजारी दोन रकाने जोडते: खर्च कुठल्या जिल्ह्यातल्या कुठल्या ग्राहकाच्या वीजबिलात किती पैसे प्रति युनिट येईल, आणि टळणारे मृत्यू कुठल्या तालुक्यातले, कुठल्या वयाचे. बैठकीत हे दोन रकाने काढून टाका, तक्ता फार लांब होतो, असं सांगणारं कुणीतरी निघतंच. मी बाकीचा तक्ता छोटा करते, ते दोन रकाने ठेवते.